पुंगळी निघेना: काजळी की दाब?

रिव्हॉल्व्हरचे सहा बार झाले. सिलिंडर बाजूला काढलं, नळीचं तोंड वर केलं आणि रिकाम्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी आवरणं) बाहेर ढकलणारा एजेक्टरचा दांडा तळहाताने दाबला. दांडा अर्ध्यावर जाऊन थांबला. ४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्याला हा प्रसंग कधी ना कधी येतोच, आणि रेंजवर शेजारी उभा असलेला माणूस लगेच निदान करून मोकळा होतो: "दारू जास्त भरलीय." कधी ते खरं असतं, दाब वाढलेला असतो. बऱ्याचदा मात्र चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या काडतूस बसायच्या भोकात, साचलेली काजळी हा उद्योग करत असते. हाताला दोन्ही अगदी सारखंच लागतं, म्हणून तर घोटाळा होतो.

काजळीचं मूळ ४४ स्पेशलमध्ये आहे. हे १९०७ सालचं काडतूस मॅग्नमपेक्षा मवाळ आणि स्वस्तात भरता येणारं, म्हणून सरावाला लोक मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमधून तेच झाडतात. त्यात चूक काही नाही. पण स्पेशलची पुंगळी साधारण २९.५ मिमी लांब, मॅग्नमची ३२.६. स्पेशलचं तोंड जिथे संपतं त्याच्या पुढच्या तीनेक मिलिमीटरमध्ये दर बाराला काजळी आणि शिसं बसत जातं आणि तिथे एक कडं तयार होतं. नंतर मॅग्नम झाडलं की पुंगळीचं तोंड फुगून नेमकं त्या कड्यात रुततं.

दाबाची गोष्ट वेगळी. बार होताना पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं, पोलादही किंचित ताणतं. दाब उतरला की दोन्ही आकसतात, आणि पितळ थोडं जास्त आकसतं म्हणून पुंगळी सुटते. मॅग्नमच्या दाबाची अमेरिकन मानकातली कमाल मर्यादा ३६,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. त्याच्या फार वर गेलं की पितळ कायमचं फुगतं, पोलाद मात्र आपल्या जागी परत येतं आणि पुंगळी चिमटीत धरल्यासारखी आवळली जाते.

ओळखायचं कसं? रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि कारखान्यातून आलेलं नवं मॅग्नम काडतूस एकेका चेंबरमध्ये अलगद सोडा. स्वतःच्या वजनाने टक् करून तळाला बसलं तर चेंबर साफ आहे, मग संशय दारूवर. शेवटी अडलं, अंगठ्याने रेटावं लागलं, तर कडं आहे. सहापैकी एकच चेंबर दरवेळी त्रास देत असेल आणि तिथे काजळीही नसेल, तर आतली घासणी खडबडीत राहिली असेल. तो चेंबर मार्करने खुणवून ठेवा. १९५६ च्या सुमाराला आलेल्या रुगरच्या सिंगल ॲक्शन (दर बाराला घोडा हाताने ओढायचा) ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरमध्ये दांडा एकावेळी एकच पुंगळी ढकलतो, त्यामुळे हट्टी कोण ते हाताला कळतं. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल २९ ची चांदणी (एजेक्टरचा ताऱ्यासारखा तुकडा) सहाही एकदम उचलते, त्यामुळे तिथे अंदाज लागत नाही.

अडलेला दांडा टेबलाच्या कडेवर ठोकू नका. मी एकदा ठोकला होता, तो वाकला, आणि मग सिलिंडरही नीट फिरेना. रिकाम्या पुंगळ्या पुढून लाकडी काठीने एकेक ढकलल्या तर निघतात. कड्यासाठी सॉल्व्हंट (काजळी विरघळवणारं द्रव) आणि ४५ बोअरचा ब्राँझ ब्रश पुरतो; ४४ चा ब्रश चेंबरमध्ये ढिला पडतो. फारच घट्ट असेल तर तोंड किंचित रुंद केलेली रिकामी मॅग्नमची पुंगळी आत फिरवतात. तिची कड खरवडणीचं काम करते आणि काळ्या पापुद्र्यांचा ढीग पडतो.

आधी सफाई, मग दारूची चौकशी, असा माझा क्रम आहे. कारण कड्याने मॅग्नमचं तोंड आवळून धरलं तर ते गोळीला वेळेवर मोकळं करत नाही आणि काजळीतूनच दाब वाढतो. म्हणजे बारीकसारीक म्हणून टाळलेलं कडं दुसऱ्या दुखण्यालाही जन्म देऊ शकतं.

चेंबर स्वच्छ करूनही पुंगळ्या अडल्या तर तिथेच थांबायचं, "आणखी दोन झाडून बघू" नाही. उन्हात तापलेल्या गाडीत काडतुसं राहिली होती का, तेही आठवून पाहा; तापलेल्या दारूचा दाब वाढतो. स्वतः भरत असाल तर दारू कमी करा. विकतची असतील तर उरलेली वेगळ्या डब्यात ठेवा, वर "झाडू नये" लिहा आणि लॉट नंबरसकट बनवणाऱ्याला कळवा.