गरोदरपणात टीबी: निक्षय पोषणचे पैसे कुठे अडकतात

निक्षय पोषण या सरकारी योजनेतून टीबीच्या प्रत्येक रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपयांच्या हिशोबाने पैसे मिळतात. १ नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते. गरोदर बाईलाही तेच. उत्पन्नाची अट नाही, जातीची नाही. तरी कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडची माणसं आधी नाडकचेरीत (तिथलं महसूल कार्यालय) उत्पन्नाच्या दाखल्याला रांग लावतात. तो दाखला इथे कुणीच मागत नाही.

वेगळा अर्ज नसतो. निदान झालं की निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर, नोंद होते. आधार आणि पासबुकाची झेरॉक्स द्यायची. औषध खासगी डॉक्टरकडचं असलं तरी हक्क तोच, फक्त नोंद त्यांनी करायला हवी. ती २०१२ पासून सक्तीची आहे, हे बिनधास्त सांगा. त्या नोंदीचा नंबर, म्हणजे निक्षय आयडी, लिहून घ्या.

खरा घोळ पासबुकात. खातं लग्नाआधी चंदगड-गडहिंग्लजला काढलेलं, त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं आरोग्य कार्ड) नवऱ्याचं. नोंद करणारा तायी कार्ड बघून नाव टाकतो आणि खातं जुळत नाही. पासबुकावर आहे तसंच नाव टाकायला सांगा, अक्षरन् अक्षर. पासबुक जुनं सिंडिकेटचं असेल तर 'एसवायएनबी'ने सुरू होणारा आयएफएससी १ जुलै २०२१ पासून बंद आहे. सिंडिकेट बँक कॅनरात विलीन झाली, म्हणून कॅनराचा नवा कोड घ्या. आणि बँकेत 'आधार दिलंय' म्हणजे केवायसी झालं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार जोडणं वेगळं, ते विचारून घ्या.

सहा महिन्यांच्या उपचाराचे ३,००० चे दोन हप्ते पडतात. दुसरा ८४ दिवसांचा उपचार झाल्यावर. हे दिवस औषध सुरू झाल्यापासून मोजायचे. बाळंतपणाशी त्यांचा संबंध नाही.

सातव्या महिन्यात माहेरी जायचं तर निघण्याआधीच आरोग्य केंद्रात सांगून नोंद तिकडे ट्रान्सफर करून घ्या. कोल्हापूर जिल्ह्यात गेलात तरी आयडी तोच चालतो. तिथे नव्याने नोंद केली की एकाच बाईच्या दोन नोंदी, आणि मग कोणती खरी हे ठरेपर्यंत पैसे थांबलेले.

सासू म्हणते, पोटातल्या बाळाला बाधेल, गोळ्या थांबव. नेहमीच्या टीबीच्या चारही गोळ्या गरोदरपणात चालतात, सोबत बी-६ देतात. टाळायचं ते स्ट्रेप्टोमायसीन इंजेक्शन. बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नाही.

मातृवंदना या गरोदर बायकांसाठीच्या सरकारी योजनेचे पैसे वेगळे, ते अंगणवाडीतून. एक घेतलं म्हणून दुसरं जात नाही.