पत्ता नसलेल्या मुलांची शाळा : पार्श्वभूमी

ठाण्यातील तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी मालवाहू कंटेनरमध्ये ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. सिग्नलला गाड्या थांबल्या की गजरे, फुले घेऊन काचेपाशी धावणारी मुले तिथेच शिकू लागली. शाळेलाच पुलाखाली का जावे लागले, हे कळण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, असे राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात म्हटले होते. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा मूलभूत हक्क मानला, २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारा २१-अ हा अनुच्छेद आला आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

बेघरांच्या दृष्टीने याआधीचा एक निकाल मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. मुंबईतील पदपथवासीयांच्या ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आणि ही माणसे पदपथावर राहतात ती काम जवळ असते म्हणून, हे मान्य केले. सिग्नलवरच्या कुटुंबांनाही हेच लागू पडते. यांतली अनेक कुटुंबे दुष्काळी भागातून आलेल्या पारधी समाजातील आहेत. १८७१ च्या कायद्याच्या आधारे इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला, त्यांत पारधीही होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशयाची नजर मात्र गेली नाही.

शिक्षण हक्क कायद्याने कागदांची अट बरीच सैल केली. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मोठ्या वयाच्या मुलालाही वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे लागते आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरते. तरीही कायद्याची सारी रचना ‘परिसरातील शाळा’ या कल्पनेवर उभी आहे. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज भरताना तर रहिवासाचा पुरावा जोडावा लागतो आणि नकाशावर घराची जागा दाखवावी लागते. ज्याचे अंथरूण रोज पुलाच्या खांबाशी पसरते आणि कारवाईची गाडी आली की उचलले जाते, त्या मुलाने नकाशावर कुठे बोट ठेवायचे?

मोजणीतही हीच अडचण आली. राज्याने ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण केले आणि नोंद झालेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. त्या दिवशी जे मूल गावी किंवा दुसऱ्या नाक्यावर होते, ते सहज सुटून जाऊ शकत होते.

सिग्नल शाळेने पत्त्याचा प्रश्न उलट बाजूने सोडवला : मूल जिथे आहे, तोच शाळेचा परिसर. पुढे येथील मुले दहावीही उत्तीर्ण झाली. कायद्याची हमी मात्र सहा ते चौदा या वयापुरती आणि उशिरा दाखल झालेल्या मुलासाठी चौदा वर्षांनंतरही आठवी पूर्ण होईपर्यंतच आहे. त्यामुळे उशिरा शाळेत आलेले मूल नववीच्या उंबरठ्यावर पोहोचते, तेव्हा पुढच्या शिक्षणासाठी त्याला त्या कायद्याकडे बोट दाखवता येत नाही.