बाजू चिकटवून झालेले पृष्ठभाग: मोजणीपासून आकारापर्यंत

एक चौकोन घ्या आणि त्याच्या बाजू दोन-दोन करून, पीळ न देता, एकमेकींना चिकटवा. जोड्या तीनच प्रकारे लागतात. दोन प्रकारांत गोलाचा पृष्ठभाग मिळतो, एकात मध्ये भोक असलेला टोरस. षट्कोनाला असे 15 प्रकार आहेत: 5 गोल, 10 टोरस. अष्टकोनाला 105, आणि त्यांत गोल फक्त 14. बाजू वाढतात तसा गोल दुर्मीळ होत जातो. या विषयाचा पुढचा सगळा इतिहास मला या एका गोष्टीत दिसतो.

मोजणी सुरू झाली ती वेगळ्याच कारणाने. शेजारचे देश वेगळ्या रंगांचे ठेवून कोणताही नकाशा चारच रंगांत रंगवता येतो का, या प्रश्नामागे लागलेल्या विल्यम टट यांनी 1960च्या दशकात गोलावरचे नकाशे, म्हणजे गोलाच्या बहुभुजांत केलेल्या विभागण्या, मोजण्याची नेटकी सूत्रे काढली. 1974 मध्ये खेरार्ड 'ट होफ्ट यांनी दाखवले, की मोठ्या मॅट्रिक्सच्या (संख्यांच्या चौकटींच्या) सिद्धांतात फाइनमन आकृत्या, म्हणजे कणांच्या आंतरक्रिया दाखवणारी रेखाचित्रे, ज्या पृष्ठभागांवर बसतात त्यांच्या भोकांच्या संख्येनुसार आपोआप वेगळ्या होतात. चिकटवलेले बहुभुज असे भौतिकशास्त्रात शिरले. 1986 मध्ये जॉन हॅरर आणि डॉन झागियर यांनी एका बहुभुजापासून किती भोकांचे पृष्ठभाग किती प्रकारे बनतात, याचे सूत्र दिले. त्यांना खरे तर रीमान पृष्ठभागांच्या (कोन मोजता येणाऱ्या पृष्ठभागांच्या) मोड्युलाय अवकाशाची, म्हणजे अशा पृष्ठभागांच्या सगळ्या शक्य आकारांच्या संग्रहाची, ऑयलर संख्या (आकार ताणला तरी न बदलणारी एक संख्या) हवी होती.

मग प्रश्न बदलला. पृष्ठभाग किती, हे कळले. पण त्यांतला एखादा यादृच्छिकपणे उचलला तर तो दिसतो कसा?

गोलच हवा अशी अट घातली, तर उत्तर चकित करणारे आहे. चौकोनांनी बनलेल्या अशा गोलावरची अंतरे चौकोनांच्या संख्येच्या चौथ्या मुळाप्रमाणे वाढतात, हे फिलिप शासँ आणि जिल शेफर यांनी 2004 मध्ये सिद्ध केले. अंतर दुप्पट केले की आत सुमारे 16 पट चौकोन येतात. साध्या सपाट पृष्ठभागावर ते 4 पटच आले असते. 2013 मध्ये जाँ-फ्रान्स्वा ल गाल आणि ग्रेगरी मिएरमाँ यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की चौकोनांची संख्या वाढत गेली, की हे गोल सीमेला ब्राउनीय नकाशा नावाच्या एका यादृच्छिक आकाराकडे जातात. त्याची हाउसडॉर्फ मिती (अंतरानुसार आतला भाग किती वेगाने वाढतो याचे माप) 4 आहे, तरी संस्थितीच्या दृष्टीने, म्हणजे फक्त ताणण्या-वाकवण्याने न बदलणाऱ्या गुणांत, तो गोलच राहतो.

अट काढून टाकली की चित्र उलटते. रॉबर्ट ब्रूक्स आणि एरान मकोव्हर यांनी 2004 मध्ये अतिपरवलयी (खोगिरासारख्या वक्र भूमितीतले) त्रिकोण यदृच्छेने चिकटवले. एवढ्या त्रिकोणांना मिळून शिरोबिंदू मोजकेच उरतात, त्यामुळे भोकांची संख्या त्रिकोणांच्या सुमारे चौथा हिस्सा होते. मरियम मिर्झाखानी यांनी वेल-पीटरसन घनफळांच्या (मोड्युलाय अवकाशाच्या घनफळांच्या) वाटेने अभ्यासलेले यादृच्छिक पृष्ठभागही असेच अनेक भोकांचे आहेत, आणि या दोन वाटांमधले साम्य तपासणे हे आजचे काम आहे.