बदली इंजिन ब्लॉक : दर्जाची पारख

जुन्या वाहनाचा मूळ ब्लॉक (सिलिंडर सामावणारा इंजिनाचा ओतीव मुख्य भाग) तडकला किंवा पुन्हा पुन्हा बोअर करून (आतून कापून व्यास वाढवून) सिलिंडरची भिंत पातळ झाली, की त्याच मालिकेतला दुसरा ब्लॉक शोधावा लागतो. एकमेकांच्या जागी बिनतक्रार बसणारे ब्लॉकही भिंतीची जाडी, मेन बेअरिंगच्या कॅपची (क्रँकशाफ्टला खालून धरणाऱ्या टोप्यांची) बांधणी आणि बिडाची प्रत यांत बरेच वेगळे असू शकतात. त्यांतला सरस कोणता, हे क्रमांकावरून आणि प्रत्यक्ष मोजणीवरून ठरवतात. बोलबाला पहिल्याचा, भरवसा दुसऱ्याचा.

क्रमांक : साच्यातूनच उठून आलेला ओतीव क्रमांक साचा कोणता ते सांगतो, तर नंतर ठोकलेला क्रमांक ब्लॉक कोणत्या जोडणीसाठी होता ते. दुसरा बनावट असू शकतो आणि शेवरले स्मॉल-ब्लॉकमध्ये माथा घासताना तो पुसलाही जातो. ओतीव क्रमांकही पुरेसा नाही. ३५० घन इंच इंजिनाचा ३९७००१० हा शेवरले ब्लॉक दोन बोल्टच्या आणि चार बोल्टच्या अशा दोन्ही मेन कॅपसह आढळतो; ऑइल चेंबर उतरवल्याशिवाय भेद कळत नाही. याउलट कमिन्सच्या ५.९ लिटर डिझेल इंजिनावरील ‘५३’ हा आकडा (साधारण १९९९ ते २००१) इशाराच मानला जातो, कारण त्या ब्लॉकच्या पाण्याच्या वेष्टनाची भिंत पातळ असून ती बाजूने तडकते.

निकेलचा वाद : काही शेवरले ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, टायमिंग कव्हरच्या आत, ०१० आणि ०२० हे आकडे दिसतात. त्यांचा अर्थ १ टक्का कथील व २ टक्के निकेल असा लावून असे ब्लॉक जास्त भावाने विकले जातात. दुसऱ्या मतानुसार ते ओतीव क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे होत. बिडाच्या रसायनाकडे पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. करड्या बिडात पर्लाइट ही मजबूत अंतर्गत रचना आणण्यासाठी कथील ०.१ टक्क्याच्या आसपास पुरते. त्याहून बरेच वाढवल्यास बीड ठिसूळ होते. १ टक्का कथिलाचा ब्लॉक ओतण्याचे प्रयोजन दिसत नाही. निकेलचे प्रमाण वर्णपट-विश्लेषणाने तपासता येते. आकडा वाचून नव्हे.

मुरलेला ब्लॉक : पुष्कळ धावलेला ब्लॉक तापून-निवून ताणमुक्त होतो, म्हणून तो नव्यापेक्षा बरा, अशी जुनी समजूत आहे. तिच्या पुष्ट्यर्थ बीएमडब्ल्यूचे १.५ लिटर टर्बो इंजिन पुढे केले जाते. नेल्सन पिके याने १९८३ चे फॉर्म्युला वन अजिंक्यपद ज्या ब्रॅबमवर मिळवले, तिच्यात हेच इंजिन होते आणि त्याचा ब्लॉक नेहमीच्या मोटारींच्या एम१० इंजिनाचा होता. लाखभर किमी. धावलेले ब्लॉक त्यासाठी निवडत, असे वारंवार सांगितले जाते; ते उघड्यावर ठेवून त्यांवर लघवी करत, हा तपशील मात्र आख्यायिकेकडे झुकतो. बिडातील ताण घालवण्यास सुमारे ५०० ते ६०० से. तापमान लागते, आणि पाण्याने वेढलेला ब्लॉक त्याच्या जवळपासही पोचत नाही. ओतल्यानंतर पहिल्या काही दिवसांत बिडाची ताकद थोडी वाढते हे खरे, पण तो लाभ नव्या ब्लॉकलाही गाडीत बसण्यापूर्वीच मिळालेला असतो. वापरलेल्या ब्लॉकची जमेची बाजू इतकीच, की ओतकामातले दोष एव्हाना उघडे पडलेले असतात.

मोजणी : ओतताना गाभा (पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवलेला वाळूचा ठोकळा) सरकला तर सिलिंडरची एक बाजू जाड व दुसरी पातळ होते. कॅमशाफ्टचे भोक भोवतालच्या उंचवट्यात मध्यभागी आहे का, हे पाहून अंदाज बांधतात; पण सिलिंडरचा गाभा स्वतंत्रपणेही सरकतो. म्हणून जेल लावून श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) मापक, म्हणजे ध्वनिलहरींनी जाडी मोजणारे उपकरण, प्रत्येक सिलिंडरच्या वर, मध्ये व खाली, चारही बाजूंनी टेकवतात. मापक पोलादासाठी जुळवलेला असेल, तर बिडाची ४ मिमी. भिंत ५ मिमी.हून अधिक दिसते, कारण बिडात ध्वनीचा वेग कमी असतो. म्हणून मापक जुळवण्यासाठी त्याच जातीच्या बिडाचा, जाडी मोजलेला तुकडा आधी घ्यावा लागतो. पिस्टन ज्या बाजूवर दाबला जातो, ती बाजू निर्णायक. बोअर केल्यावर साधारण ३ मिमी. भिंत किमान समजतात, जास्त ताकदीच्या इंजिनात या बाजूला ५ मिमी. फोर्डच्या एफई मालिकेत मापकाविना एक युक्ती चालते : वेल्च प्लगच्या (ब्लॉकच्या बाजूची भोके बुजवणाऱ्या पत्र्याच्या टोपीच्या) भोकातून दोन सिलिंडरांच्या मधल्या फटीत ड्रिलचा दांडा सरकवून पाहतात. फट जितकी अरुंद, तितका सिलिंडरचा बाहेरचा व्यास मोठा. मोजणीपूर्वी तडा तपासणे अर्थात गृहीतच आहे. बिडासाठी चुंबकीय भुकटी, ॲल्युमिनियमसाठी तड्यात झिरपणारे रंगद्रव्य.

हलके धातू : हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगनची क्रँककेस (क्रँकशाफ्ट सामावणारे कवच) बहुधा मॅग्नेशियम मिश्रधातूची असते. जाणकारांची पसंती एएस४१ या मिश्रधातूची खूण असलेल्या केसला असते. धातुशास्त्रात मात्र एएस२१ हा मिश्रधातू तापलेल्या स्थितीत सततच्या भाराखाली कमी ताणला जातो, पण ओतायला अवघड, असे मानतात. व्यवहारात स्टडचे (केसमध्ये रोवलेल्या आटेदार दांड्यांचे) आटे उपटले आहेत का आणि पोलादी बुश बसवले आहेत का, हे आधी पाहतात.