तर्री, वडा आणि मेनूवरचा आकडा

जुलै 2025मध्ये समोसा आणि जिलबी देशभरच्या बातम्यांत झळकले. नागपूरच्या एम्सच्या कँटीनमध्ये या पदार्थांजवळ सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा इशारा लागणार, अशी चर्चा रंगली. लगोलग केंद्र सरकारने खुलासा केला, की इशारा कुठल्याच पदार्थावर नाही. कार्यालयांच्या लॉबीत, कँटीनमध्ये, बैठकीच्या खोल्यांत खाण्यातलं छुपं तेल आणि साखर दाखवणारे फलक लावा, एवढंच आरोग्य खात्याने सुचवलं होतं. तोवर विनोदांचा पाऊस पडून गेला होता. गोष्ट नागपूरची, पण तर्रीपोह्यावरच्या तर्रीचं नाव माझ्या तरी वाचनात कुठे आलं नाही. खरं तर आपल्या खाण्यातलं उघडउघड तरंगणारं तेल म्हणजे तीच. बाकी सगळं लपलेलं.

आणि ते लपतं फार छान. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिनं म्हणजे साधारण 4 कॅलरी, तर एक ग्रॅम तेल, तूप म्हणजे 9. वाढायच्या मोठ्या चमच्यात 14 ग्रॅमच्या आसपास तेल मावतं. म्हणजे सव्वाशे कॅलरी, जवळजवळ एक पोळी. पोळी ताटात दिसते, चावावी लागते, पोटात जागा घेते. चमचाभर तेल भाजीत कुठे जिरलं ते कळतही नाही. म्हणून बाहेरच्या जेवणाचा अंदाज डोळ्यांनी बांधायला गेलं की हमखास चुकतो. अमेरिकेत फास्ट फूडच्या दुकानांतून बाहेर पडणाऱ्यांना नुकतंच काय खाल्लं त्याच्या कॅलरी विचारल्या गेल्या. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मोठ्यांचा अंदाज सरासरी 175 कॅलरींनी कमी निघाला, कुमारवयीन मुलांचा 259नी.

वड्याचं पाहा. तळणात सोडल्यावर जे बुडबुडे येतात ती वड्यातल्या पाण्याची वाफ. ती जोरात बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. झाऱ्याने वडा बाहेर काढला की खरा खेळ सुरू होतो. वडा निवू लागतो, आतल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, दाब कमी होतो आणि आवरणाला चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल कढईबाहेर पडल्यावरच मुरतं. म्हणून गरम असतानाच झाऱ्यावर नीट निथळलेला वडा आणि परातीत ढिगाने थंड होत पडलेला वडा, दोन्ही एकाच घाण्यातले असले तरी सारखे नसतात.

मेनूवर कॅलरी छापायचा नियम आपल्याकडे 2022पासून लागू आहे, फक्त तो आपण जिथे खातो तिथे पोचत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा 10 वा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहायच्या आणि सरासरी प्रौढाला दिवसाला 2000 कॅलरी लागतात हेही सांगायचं. कोपऱ्यावरचा वडेवाला, ऑफिसजवळची खानावळ यातून सुटले. फुकट मिळणारे, आपल्या हाताने घ्यायचे सॉस सुटले. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून केलेला बदलही सुटला, म्हणजे ‘जरा चीज जास्त टाका’ म्हटलं की छापील आकडा निकालात.

तसा तो आकडाही काही देववाणी नव्हे. 4 आणि 9 हे गुणक विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून आले. त्याने माणसाला चक्क एका बंद खोलीत राहायला, खायला, झोपायला लावून अंगातून निघणारी उष्णता मोजली होती. गुणक सरासरीचे आहेत आणि बऱ्यापैकी चालतात. पण 28 ग्रॅम बदामात त्या हिशेबाने 170च्या आसपास कॅलरी येतात, तर 2012मध्ये लोकांना खरोखर बदाम खायला घालून मोजलं तेव्हा अंगी लागल्या 129. बाकीच्या, न फुटलेल्या पेशींतल्या तेलाबरोबर पोटातून तशाच निघून गेल्या.

मग आकडा वाचून लोक कमी खातात का? खातात, पण किती? जगभरातल्या अशा प्रयोगांचा, वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2025मध्ये घेतलेला आढावा सांगतो, सरासरी 1.8 टक्के कमी. 600 कॅलरींच्या जेवणात 11 कॅलरी, म्हणजे दोन बदाम. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. रोज लाखो माणसं बाहेर जेवतात. पण लठ्ठपणाशी लढायला एवढंच हत्यार असेल तर लढाई अवघड आहे. ब्रिटनने दुसरी वाट धरली. 100 मिलीमध्ये 5 ग्रॅम किंवा जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर कर लावायचं 2016मध्ये जाहीर केलं आणि 2018मध्ये तो लागू होईतो कित्येक कंपन्यांनी आपणहूनच साखर त्या रेषेखाली आणली. गिऱ्हाइकाला काही वाचावंच लागलं नाही.

‘मी कुठे जाडा आहे?’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातली एक गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडीने काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून तसा असेलच असं नाही, हे याहून थोडक्यात कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

परवा पावभाजीच्या गाडीवर गर्दी होती, म्हणून उभ्या उभ्या मोजत बसलो. अर्धा किलो बटरची एक वीट तेरा प्लेटींत संपली. भाजीत, पावाला आणि वरून ठेवायला धरून माणशी 38 ग्रॅम, म्हणजे नुसत्या बटरच्याच पावणेतीनशे कॅलरी. चौदावी प्लेट माझी. उलथन्याच्या टोकाने नवी वीट फोडत त्याने विचारलं, “दादा, एक्स्ट्रा मारू?”