ब्रेट मॅव्हरिक एक, जुगारी दोन

'मॅव्हरिक'चा विषय निघाला की घोटाळा ठरलेलाच. एकजण मेल गिब्सनची आठवण काढतो, दुसरा म्हणतो, "छे, तो तर जेम्स गार्नर, ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवरचा!" दोघंही खरं बोलत असतात. 1957 ते 1962 या काळात अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर 'मॅव्हरिक' नावाची मालिका चालली. तिच्यात ब्रेट मॅव्हरिक हा पत्तेबाज गार्नरने उभा केला. 1994 मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला, ब्रेट झाला गिब्सन, आणि गार्नरही त्यात आहे, मात्र मार्शल झेन कूपर म्हणून. नाव तेच, चेहरा तोच, पण माणूस वेगळा. मग गोंधळ का होऊ नये?

या नावामागेही एक गंमत आहे. टेक्सासचा सॅम्युएल मॅव्हरिक आपल्या गुरांना डाग देत नसे. त्यामुळे डाग नसलेल्या, कुणाच्याच मालकीच्या न वाटणाऱ्या वासराला तिकडे 'मॅव्हरिक' म्हणू लागले. गावोगाव हिंडून पोकर खेळणाऱ्या माणसाला याहून चांगलं आडनाव सापडलं नसतं.

दोन्ही ब्रेटमध्ये सारखं काय आहे, ते आधी सांगतो, कारण या प्रकारच्या वेस्टर्नची (काउबॉयपटाची) गोडी तिथेच आहे. नेहमीच्या वेस्टर्नमध्ये नायक धुळीच्या रस्त्यावर उभा राहतो आणि बंदूक कोण आधी काढतो यावर सगळं ठरतं. ब्रेटला त्या रस्त्यावर उभंच राहायचं नसतं. मागच्या दाराने निघून जाता आलं तर तो निघून जातो, आणि त्याची त्याला लाज वाटत नाही. जीव वाचवणारा, बोलून वेळ मारून नेणारा नायक मला बंदूकवाल्यापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. त्याच्यावर आलेलं संकट मात्र खरं असतं: पैसे खरोखर जातात, फास खरोखर आवळला जातो. म्हणून हे चित्रण हलकंफुलकं असलं तरी ते वेस्टर्नचं विडंबन ठरत नाही. विडंबनात आपण त्या जगालाच हसतो. इथे ते जग जागच्या जागी असतं आणि त्यात सापडलेल्या माणसाची तारांबळ बघून हसू येतं.

आता फरक. माझ्या मते तो एकाच प्रश्नावर उभा आहे: हातात चांगलं पान येतं ते कशामुळे?

मालिकेचं उत्तर आहे, हिशेबामुळे. 1958 सालचा 'रोप ऑफ कार्ड्स' हा भाग घ्या. एका निरपराध तरुणावर खुनाचा खटला चालू आहे आणि ब्रेट ज्युरीत बसला आहे. तिथे तो पैज लावतो: पत्ते पिसा, कुठलीही 25 पानं द्या, मी त्यांचे पाच-पाच पानांचे पाच हात लावून दाखवतो, आणि प्रत्येक हात असा की एकही पान बदलायला नको. म्हणजे पाच पानं क्रमाने, किंवा पाचही एकाच रंगाची, किंवा तीन सारखी नि दोन सारखी, किंवा त्याहून वरचा हात. ऐकणाऱ्याला हे अशक्य वाटतं. पण 25 पानं चार रंगांत वाटली गेली की एखाद्या रंगाची निदान सात पानं असणारच. त्यातली पाच उचलली की उरतात 20, त्यांतही एखाद्या रंगाची निदान पाच असतातच. म्हणजे दोन हात पहिल्याच झटक्यात पक्के! उरलेल्या 15 पानांत आणि बदलाबदलीत थोडी डोकेफोड करावी लागते, तरी शंभरात सुमारे 98 वेळा हे जमतं. घरात पत्त्यांचा जोड असेल तर आज रात्रीच करून बघा. तीन पत्तीत कलर आणि सिक्वेन्स लावायची सवय असलेल्यांना फार वेळ लागणार नाही.

त्याच वर्षीचा 'शेडी डील ॲट सनी एकर्स' हा भाग याच स्वभावाचा. ब्रेटने बँकेत ठेवलेले 15,000 डॉलर मिळालेच नाहीत, असं बँकवाला सरळ सांगतो. ब्रेट ओसरीवर खुर्ची टाकून लाकूड तासत बसतो. पैशांचं काय झालं, असं कोणी विचारलं की म्हणतो, काम चालू आहे. गाव हसतं. तिकडे त्याचा भाऊ बार्ट आणि जुने ओळखीचे ठग मिळून बँकवाल्याला असे गुंडाळतात की पैसे परत येतात. या सबंध भागात गार्नर जवळजवळ हलत नाही, आणि तरी नजर त्याच्यावरून हटत नाही.

चित्रपटाचं उत्तर वेगळं आहे. (ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी इथे थांबावं, पुढे शेवट सांगितला आहे.) रिचर्ड डॉनरचं दिग्दर्शन, विल्यम गोल्डमनची पटकथा. बोटीवरच्या पोकर स्पर्धेची प्रवेश फी 25,000 डॉलर, ब्रेटला 3,000 कमी पडतात, आणि ते जमवताना अर्धा चित्रपट निघून जातो. मनात धरलेलं पान आपण ओढून आणू शकतो, असं या ब्रेटला वाटतं. तो प्रयत्न करतो आणि फसतो. शेवटच्या डावात मात्र दहा, गुलाम, राणी, राजा आणि सर्वांत शेवटी इस्पिकचा एक्का टेबलावर येतो. पाच पानं वाटताना असा रॉयल फ्लश (एकाच रंगाची दहा ते एक्का ही पाच पानं) येण्याची शक्यता 6,49,740 मध्ये एक. चार पानं ठेवून पाचवं बदलून घेताना नेमकं हवं तेच येणं म्हणजे न पाहिलेल्या 47 पानांतलं एकच. पहिल्या ब्रेटने अशा पानावर सगळी पुंजी लावली नसती. कोटाच्या आत हजार डॉलरची नोट टाचणीने लावून ठेवणारा माणूस तो! दुसऱ्याचा सगळा आनंदच त्या एका पानात आहे, आणि मोठ्या पडद्यावर ते शोभतंही. तरी परत परत बघावंसं वाटतं ते मला पहिल्यालाच, कारण त्याच्याकडून काहीतरी शिकून मी उठतो.

राहिला गार्नर. चित्रपटाच्या शेवटी कळतं की मार्शल कूपर हा ब्रेटचा बाप आहे, म्हणजे मालिकेतला ब्रेट ज्याची वचनं उठताबसता ऐकवायचा तोच 'पॅपी'. अनेकांना वाटतं की जुन्या ब्रेटला बाप करायची ही युक्ती 1994 ची. पण मालिकेत 1959 मध्येच 'पॅपी' नावाचा एक भाग झाला होता. त्यात ब्रेट गार्नरच होता आणि त्याचा म्हातारा बापही गार्नरच.