घड्याळाची तार नसताना आकडे पोचतात कसे?

मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपमधल्या छोट्या संगणकाला, सेन्सर जोडला, त्याने पाठवलेली अक्षरं संगणकावर दाखवणारी खिडकी, म्हणजे सिरियल मॉनिटर, उघडला आणि आकड्यांऐवजी चौकोन, प्रश्नचिन्हं उमटली, की पहिला संशय सेन्सरवर जातो. मग केबल काढून पुन्हा लावायची, ‘नशीब असेल तर चालेल’ म्हणायचं. नशिबाचा इथे काडीचाही संबंध नाही. सेन्सरही बहुतेक वेळा निर्दोष असतो.

अ‍ॅनालॉग सेन्सर नुसतं व्होल्टेज देतो. अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डातला १० बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, त्याचा ० ते १०२३ मधला आकडा करतो. समजा, ५१२ आला. तो ‘५’, ‘१’, ‘२’ अशा तीन अक्षरांच्या रूपात एका तारेवरून बोर्डावरच्या यूएसबी-सिरियल चिपकडे जातो. सोबत घड्याळाचे ठोके नेणारी तार नसते! मग एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, कुठे संपला, हे चिपला कसं कळतं?

तार रिकामी असताना तिच्यावरची व्होल्टेजची पातळी उच्च असते (उच्च म्हणजे १, खालची म्हणजे ०). ती खाली पडली की तो स्टार्ट बिट. त्या क्षणापासून चिप स्वतःच्या घड्याळाने मोजू लागते. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. अर्धा बिट थांबून ती स्टार्ट बिट खरा असल्याची खात्री करते, पुढे दर १०४ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे प्रत्येक बिटच्या बरोबर मध्यावर, पातळी वाचते. आठ बिट, सर्वांत कमी स्थानिक किमतीचा आधी, शेवटी उच्च पातळीचा स्टॉप बिट. त्याचा मध्य सुरुवातीपासून साडेनऊ बिट दूर असतो. तोवर दोन घड्याळांत अर्ध्या बिटाचा फरक पडला तर वाचन चुकतं, म्हणून दोघांत मिळून जेमतेम ५ टक्के चूक खपते. पण पुढच्या स्टार्ट बिटला मोजणी नव्याने सुरू होते, साचलेली चूक पुसली जाते. स्वस्त घड्याळांवर ही पद्धत चालते ती यामुळेच, आणि मला ती फार देखणी वाटते.

आता संगणकाच्या बाजूला ११५२०० बॉड निवडलं तर? पाठवणाऱ्याचा एक बिट चिपला बारा बिटांइतका लांब दिसतो. स्टार्ट बिटातच तिचे आठही बिट शून्य वाचून होतात. पडद्यावरचा कचरा तो हाच. दोन्हीकडे एकच बॉड ठेवा.

एका बाइटला, म्हणजे इथे एका अक्षराला, आठ बिट अधिक स्टार्ट आणि स्टॉप असे दहा बिट लागतात, म्हणून ९६०० बॉडला सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट. प्रत्येक आकड्यानंतर नवी ओळ पाठवाच. संगणकाने मधूनच ऐकायला सुरुवात केली, तर ५१२ चा नुसता १२ हाती लागतो आणि तोही खराच वाटतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये पहिली ओळ टाकून द्यावी.